सावड की रोजंदारी? ॲड हॉक नेटवर्कमधल्या नोडकडून दुसऱ्याचं पॅकेट कसं वाहून घ्यायचं

फायनल इयरच्या प्रोजेक्टची मधली तपासणी चालू होती. एका मुलाने सिम्युलेशनचा आलेख पुढे केला. ३० नोड (नेटवर्कमधली यंत्रं), सगळे 'जशास तसे' या नियमाने, म्हणजे समोरचा वागेल तसं वागणारे, आणि पोचलेल्या पॅकेटांची (निरोपाच्या तुकड्यांची) रेघ उतरत उतरत थेट शून्याला टेकलेली. "यात स्वार्थी नोड किती टाकलेस?" मी विचारलं. "एकही नाही, सर." म्हणजे सगळे गुणी, आणि तरी सगळ्यांनी एकमेकांना वाळीत टाकलेलं.

कोड बरोबर होता. हवेत टक्कर होऊन हरवलेलं पॅकेट आणि शेजाऱ्याने मुद्दाम टाकून दिलेलं पॅकेट यांतला फरक नोडला कळत नव्हता, एवढंच. एकदा गैरसमज झाला की त्याची शिक्षा, शिक्षेची परतफेड, आणि मग सगळंच ठप्प. या विषयावर प्रोजेक्ट किंवा सेमिनार करणारे बहुतेक जण शिक्षा आधी ठरवतात आणि चूक किती होते ते नंतर मोजतात, किंवा मोजतच नाहीत. खालच्या पायऱ्या उलट क्रमाने जातात.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. ॲड हॉक नेटवर्कमध्ये टॉवर नसतो. लांबच्या नोडला निरोप द्यायचा तर मधल्या नोडनी तो हातोहात पुढे न्यायचा. डीएसआर, एओडीव्ही, ओएलएसआर हे मार्ग शोधणारे प्रोटोकॉल गृहीत धरतात की मधला प्रत्येक जण सांगितलेलं काम करेल. दुसऱ्याचं पॅकेट वाहण्यात बॅटरी माझी जाते आणि फायदा त्याचा होतो, हा मुद्दा त्यांच्या हिशोबातच नाही.

पायरी १ : नोड कोणाच्या मालकीचे?

सैन्याची तुकडी, अग्निशमन दल, एकाच शेतात पेरलेले सेन्सर: मालक एकच असेल तर प्रोत्साहनाची भानगड नको. तिथला प्रश्न बिघडलेल्या किंवा शत्रूच्या हाती पडलेल्या नोडचा आहे. तो सुरक्षेचा विषय, गेम थिअरीचा (स्वतःचा फायदा बघणाऱ्यांच्या डावपेचांच्या गणिताचा) नव्हे. प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत 'रणांगण' आणि पुढच्याच पानावर 'स्वार्थी नोड' असं वाचलं की मी तिथेच थांबवतो. जवान बॅटरी वाचवायला शेजारच्या जवानाचा निरोप गिळत नाही.

दुसरा प्रकार घरांच्या छपरांवरच्या नेटवर्कचा. जर्मनीतलं फ्रायफुंक किंवा कॅटलोनियात २००४ साली सुरू झालेलं गुइफी.नेट इथे मालक शेकडो, हजारो आहेत. एकट्या गुइफीचे नोड ३० हजारांच्या वर गेले. पण छपरावरचा राउटर घरच्या विजेवर चालतो, जागचा हलत नाही, आणि शेजारी ओळखीचा असतो. अशा मंडळींनी 'पिको पिअरिंग' नावाचा छोटा करार वापरला: माझ्यावरून जाणारी वाहतूक मी अडवणार नाही, तिच्यात ढवळाढवळ करणार नाही. गुइफीमध्ये व्यावसायिक कंपन्या आल्यावर मात्र कोणी किती गुंतवलं आणि किती वापरलं याचा हिशोब करून भरपाई ठरवायची पद्धत आणावी लागली. करार पुरतो तिथे अल्गोरिदम घुसवू नये.

उरला तिसरा प्रकार: अनोळखी लोकांच्या हातातली, बॅटरीवरची, हलती यंत्रं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

पायरी २ : खर्च खरोखर किती, ते आकड्यात लिहा

माझं एक पॅकेट पोचलं तर मला होणारा फायदा 'फ', दुसऱ्याचं एक पॅकेट वाहायचा खर्च 'ख'. एकक कुठलंही घ्या, दोघांना सारखंच पाहिजे. यापुढे आपण फ = ५ आणि ख = १ धरू.

'ख' ठरवताना एक गोष्ट हमखास चुकते. २००१ साली फीनी आणि निल्सन यांनी त्या काळच्या वायफाय कार्डांची वीज प्रत्यक्ष मोजली. त्यात दिसलं की नुसतं कान देऊन बसण्यात जवळजवळ पॅकेट घेण्याइतकीच वीज जाते. म्हणजे रेडिओ चालूच असेल तर दुसऱ्याचं पॅकेट वाहायचा वरखर्च वाटतो त्याहून थोडा. खरी बचत रेडिओ झोपवण्यात आहे, आणि झोपलेला नोड स्वार्थी की काटकसरी हे बाहेरून ओळखता येत नाही. तुमच्या सिम्युलेशनमध्ये रेडिओ सदैव जागा असेल आणि तरीही 'ख' मोठा धरला असेल, तर परीक्षक तिथेच पकडणार.

काही ठिकाणी तुटवडा बॅटरीचा नसतो, हवेतल्या वेळेचा असतो: एक जण बोलत असताना आसपासच्यांना थांबावं लागतं. त्याबद्दल पुढे.

पायरी ३ : एकाच डावाचा तक्ता मांडा

दोन नोड, प्रत्येकाला दुसऱ्याकडून एक पॅकेट वाहून घ्यायचं आहे. दोघांनी वाहिलं तर प्रत्येकाला ५ − १ = ४. मी टाकलं आणि त्याने वाहिलं तर मला ५, त्याला −१. दोघांनी टाकलं तर दोघांना ०. आता समोरचा काहीही करो, माझ्या पदरात टाकून देण्यानेच जास्त पडतं: त्याने वाहिलं तर ४ ऐवजी ५, नाही वाहिलं तर −१ ऐवजी ०. त्यालाही हेच दिसतं, म्हणून दोघेही शून्यावर. हा जुना कैद्यांचा पेच. १९५० साली रँड या अमेरिकी संशोधन संस्थेत फ्लड आणि ड्रेशर यांनी मांडलेला. तक्ता मांडा, रिपोर्टात अर्धं पान द्या आणि पुढे चला. इथे रेंगाळण्यासारखं काही नाही.

पायरी ४ : पुन्हा गाठ पडणार का?

आपल्याकडे शेतीत सावड चालायची. आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या रानात ये. पैशाची देवघेव नाही. ती चालण्याचं कारण म्हणजे बांधाला बांध लागून आहे, उद्या तोंड दाखवायचंच आहे. 'जशास तसे' ही चाल म्हणजे सावडच: पहिल्यांदा मदत करा, मग समोरचा गेल्या वेळी जसा वागला तसं वागा. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने भरवलेल्या संगणकी स्पर्धांमध्ये ॲनाटोल रापोपोर्टची ही साधी चाल भल्याभल्यांना पुरून उरली.

त्याच शेजाऱ्याशी आणखी एक फेरी होण्याची शक्यता 'भ' म्हणू. थोडं बीजगणित केलं की अट निघते: सावड टिकायला भ हा ख ÷ फ पेक्षा कमी नको. आपल्या आकड्यांत १ ÷ ५ = ०.२. किती सोपी अट आहे पाहा! पण बॅटरी संपत आली आणि ख वाढून ४ झाला, तर भ किमान ०.८ पाहिजे.

'भ' हवेतून धरू नका, ट्रेस फाइलमधून (सिम्युलेशनच्या नोंदींतून) काढा. एखादी जोडी तुटेपर्यंत सरासरी किती फेऱ्या होतात ते मोजा. तो आकडा 'न' असेल तर भ = १ − १ ÷ न. सरासरी १० फेऱ्या, तर भ = ०.९. नोडचा वेग वाढवून पुन्हा मोजा. भ कसा कोसळतो ते एका आलेखात दिसेल, आणि तो आलेख रिपोर्टात घालण्याजोगा असतो.

पायरी ५ : चूक मोजा, मग माफी ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शेजाऱ्याने पॅकेट इमानदारीत वाहिलं, तरी मला ते टाकल्यासारखं दिसण्याची शक्यता 'च' म्हणू. समजा च = ०.१, म्हणजे दहात एकदा गैरसमज.

दोन प्रामाणिक नोड निखळ 'जशास तसे' खेळताहेत. दोघांचं जमलेलं असताना एका फेरीत एकही गैरसमज न होण्याची शक्यता ०.९ × ०.९ = ०.८१. एकाचाच गैरसमज झाला की पुढच्या फेरीत तो टाकणार, त्याच्या पुढच्या फेरीत दुसरा टाकणार, असा आळीपाळीने सूड चालू. त्यात आणखी एक गैरसमज झाला की दोघंही कायमचे बंद. तिथून बाहेर यायला वाटच नाही. हिशोब केला तर पहिल्या फेरीपासून पूर्ण ठप्प होईपर्यंत सरासरी १५ फेऱ्यासुद्धा लागत नाहीत. त्या मुलाच्या आलेखात हेच झालं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे चोर मुळात नव्हताच.

उपाय माफीचा. समोरच्याने टाकलंय असं दिसलं तरी 'म' इतक्या शक्यतेने त्याचं पॅकेट वाहायचं. श्रीनिवासन, नुग्गेहळ्ळी, कियासेरिनी आणि राव यांनी २००३ साली ॲड हॉक नेटवर्कसाठी याच उदार 'जशास तसे'चा पाया घेतला. दोघेही असे खेळले तर दीर्घकाळात सहकार्याचं प्रमाण येतं म ÷ (च + म × (१ − च)). च = ०.१ ठेवून बघा: म = ०.१ असताना ५३ टक्के, ०.३ असताना ८१, ०.५ ला ९१, ०.७ ला ९६.

मग म = १ का नको? कारण सरसकट माफी म्हणजे फुकट्यांना आमंत्रण. मी वाहिलं तर पुढच्या फेरीत माझं काम होण्याची शक्यता किती वाढते, ते बघा: (१ − च) × (१ − म). म्हणून वाहणं परवडण्याची अट अशी:

ख ≤ भ × फ × (१ − च) × (१ − म)

भ = ०.९ धरून आकडे घाला: १ ≤ ४.०५ × (१ − म), म्हणजे म जास्तीत जास्त ०.७५. एवढी माफी देऊनही फुकट्याला फुकटेपणा परवडत नाही. आता ख = ३ करा. म ०.२६ च्या खालीच ठेवावा लागतो, आणि सहकार्य ७७-७८ टक्क्यांवर अडकतं. ख ४.०५ च्या वर गेला की कुठलीच माफी, कुठलीच सावड कामाची नाही. हा सगळा हिशोब एक्सेलच्या एका शीटमध्ये बसतो. तो हाताने झाल्याशिवाय एनएस-३ हा नेटवर्क सिम्युलेटर उघडू नका, हा माझा हट्ट आहे. मुलं कुरकुरतात, पण नंतर सिम्युलेशनचे आकडे चुकले तर त्यांना ते चुकलेत हे तरी कळतं.

'च' कमी करता आला तर अर्थातच जास्त चांगलं. एकेका पॅकेटवर निकाल देण्याऐवजी २० पॅकेटांची एक खिडकी धरा. दहा टक्के गळती असेल तर इमानदार नोडची सरासरी २ पॅकेटं गळतील. '६ किंवा जास्त गळली तरच दोषी' असा नियम केला, तर इमानदार नोड दोषी ठरण्याची शक्यता साधारण १ टक्का उरते. आता फेरी म्हणजे एक खिडकी, च = ०.०१, आणि म नुसता ०.१ ठेवला तरी सहकार्य ९२ टक्क्यांच्या आसपास जातं. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. हुशार फुकट्या दर खिडकीत दोन-तीन पॅकेटं गिळूनही बहुतेक वेळा सुटतो. आणि नोड इतके पळत असतील की २० पॅकेटं होण्याआधीच जोडी तुटते, तर खिडकी भरतच नाही.

१ टक्का लहान वाटतो, पण ३० शेजारी आणि १०० खिडक्या म्हटल्यावर ३० खोटे आरोप झालेच. म्हणून कायमची हकालपट्टी कधीच ठेवू नका.

पायरी ६ : पाळत कशी ठेवणार ते स्पष्ट लिहा

वरचं सगळं गणित 'शेजाऱ्याने काय केलं ते दिसतं' यावर उभं आहे. २००० साली स्टॅनफर्डच्या मार्टी, जिउली, लाई आणि बेकर यांनी वॉचडॉग मांडला: पॅकेट शेजाऱ्याला दिल्यावर कान उघडे ठेवायचे, त्याने ते पुढे पाठवलेलं ऐकू आलं तर ठीक. त्याच्या मर्यादा त्यांनी स्वतःच लिहिल्या आहेत. ऐकताना माझ्याकडेच टक्कर झाली तर? पुढच्याकडे टक्कर झाली आणि शेजाऱ्याने पुन्हा पाठवलंच नाही तर? शेजाऱ्याने आवाज मुद्दाम इतका बारीक ठेवला की मला ऐकू यावं पण पुढच्याला नाही, तर? दोघांनी संगनमत केलं तर? तुमच्या रिपोर्टात यांतल्या प्रत्येकाला एक ओळ हवी.

त्यांच्याच कामातली दुसरी गोष्ट जास्त बोधक आहे. वॉचडॉगने पकडलेल्या नोडला टाळून दुसरा मार्ग धरणारा पाथरेटर त्यांनी जोडला. ४० टक्के नोड दगाबाज असतानाही नेटवर्कमधून पोचणारा माल १७ टक्के वाढला. पण टाळलेल्या नोडचं काय झालं? त्याच्या डोक्यावरचं ओझं गेलं आणि त्याची स्वतःची पॅकेटं मात्र इतर जण वाहतच राहिले. कामचुकाराला भरपगारी रजा! एकूण माल वाढला म्हणजे प्रोत्साहन जमलं असं समजू नका.

पायरी ७ : पत की नाणी, हे साखळी काढून ठरवा

उपायांची दोन घराणी आहेत. एक पतीचं: कोण किती काम करतो याची नोंद ठेवायची आणि पत घसरलेल्याचं काम करायचं नाही. बुशेगर आणि ल बुदेक यांचं कॉन्फिडंट, मिकियार्दी आणि मोल्वा यांचं कोअर, दोन्ही २००२ ची. कॉन्फिडंटमध्ये नोड एकमेकांना सावध करतात. कोअरमध्ये दुसऱ्याबद्दल वाईट बोलायची सोयच नाही, खोट्या चुगल्यांना आळा म्हणून. दुसरं घराणं नाण्यांचं, म्हणजे सावड सोडून रोजंदारी. लोझानच्या बुत्यान आणि युबो यांनी 'नगलेट' नावाचं नाणं मांडलं: दुसऱ्याचं पॅकेट वाहिलं की एक जमा, स्वतःचं पाठवताना मधले जितके हमाल तितकी वजा.

कुठलं घ्यायचं? कागदावर एका रेषेत पाच नोड काढा: अ, ब, क, ड, इ. प्रत्येकाने इतर प्रत्येकाला एकेक पॅकेट पाठवलं अशी एक फेरी धरा. अ ला क पर्यंत एक, ड पर्यंत दोन, इ पर्यंत तीन हमाल लागतात. एकूण खर्च ६ नाणी, आणि टोकाला असल्यामुळे कमाई शून्य. ब चा खर्च ३, कमाई ६. मधल्या क चा खर्च २, कमाई ८. ड हा ब सारखा, इ हा अ सारखा. बेरीज जुळते: २० जमा, २० खर्च. पण दर फेरीला अ आणि इ सहा-सहा नाण्यांनी बुडतात, तर क कडे सहा साचतात. सुरुवातीला प्रत्येकाला ३० नाणी दिली तर पाच फेऱ्यांत अ गप्प. त्याचा गुन्हा एवढाच की तो गावकुसाबाहेर राहतो. आणि क कडे इतकी नाणी पडली आहेत की आणखी कमवायला तो हात हलवेलच असं नाही.

पतीच्या पद्धतीतही अ ची सुटका नाही. त्याच्याकडे कुणाचं काम अडतच नाही, मग ब ने त्याची सावड का करावी? फेलेगहाझी, युबो आणि बुत्यान यांनी २००६ च्या लेखात स्थिर नेटवर्कसाठी हेच तपासलं: बाहेरून प्रोत्साहन न देता सहकार्य टिकायला कोण कुणावर अवलंबून आहे याच्या ज्या अटी लागतात, त्या यादृच्छिक नेटवर्कमध्ये जवळपास कधीच सगळ्यांसाठी पुऱ्या होत नाहीत.

म्हणून माझा ठोकताळा असा. नोड भरपूर हिंडत असतील आणि प्रत्येक जण कधी ना कधी मध्यभागी येत असेल, तर नाणी चालतात. आज टोकाला बुडालेला उद्या मध्ये कमावतो. नोड जागचे हलत नसतील आणि शेजार पक्का असेल तर पत चालते, पण टोकाच्यांना ठरावीक कोटा फुकट द्या. नाण्यांसाठी एक अडचण लक्षात ठेवा: स्वतःच्या खिशातला आकडा कुणीही वाढवून लिहील. नगलेटमध्ये त्यासाठी न फोडता येणारी चिप गृहीत धरली होती. २००३ साली येलच्या झोंग, चेन आणि यांग यांनी स्प्राइट या योजनेत चिप काढून टाकली; नोडनी पावत्या साठवायच्या आणि इंटरनेट मिळालं की मध्यवर्ती हिशोबनीसाकडे जमा करायच्या. म्हणजे चिप नको तर बँक हवी.

पायरी ८ : अति मदत करणारा नोडही तपासा

हे पुस्तकी प्रोजेक्टांत सहसा नसतं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यात मेशटॅस्टिक या सॉफ्टवेअरची छोटी लोरा (कमी विजेत लांब पल्ला गाठणाऱ्या रेडिओची) यंत्रं चालतात. ट्रेकला नेटवर्क नसताना एकमेकांना मजकूर पाठवायला ती चांगली. प्रत्येक निरोपाला साधारण ३ उड्या (नोडकडून नोडकडे जाण्याच्या खेपा) दिलेल्या असतात, जास्तीत जास्त ७. साधा नोड निरोप ऐकून थोडा थांबतो. दुसऱ्या कुणी तो पुढे पाठवलेला ऐकला तर आपण गप्प बसतो. 'राउटर' भूमिकेतला नोड मात्र घाईने आणि दरवेळी पाठवतो. कड्यावरच्या यंत्राला ही भूमिका शोभते. पण हौसेने खिडकीत ठेवलेल्या यंत्राला कुणी राउटर केलं, की ते सगळ्यांच्या आधी बोलून उडी खातं, आणि डोंगरावरचा चांगला नोड गप्प राहतो. अति तिथे माती. इथे तुटवडा हवेतल्या वेळेचा आहे, म्हणून 'जास्त वाहील त्याला जास्त बक्षीस' हा नियम नेटवर्क बुडवेल. बक्षीस द्यायचंच तर निरोप पोचवण्याचं द्या, नुसतं ओरडण्याचं नको.

पायरी ९ : स्वतःची योजना स्वतः फसवा

आता एनएस-३ उघडा. एओडीव्ही, डीएसआर, ओएलएसआर तिन्ही त्यात तयार मिळतात. पहिली धाव शून्य स्वार्थी नोडची. पोचण्याचं प्रमाण प्रोत्साहनाशिवायच्या धावेपेक्षा खाली आलं, तर तुमची योजना इमानदारांना मारते आहे; पायरी ५ कडे परत. मग १०, २०, ४० टक्के फुकटे टाका, प्रत्येक मांडणी वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (सीड) किमान दहा वेळा चालवा.

आलेख दोन काढा. एकूण पोचलेली पॅकेटं सगळेच काढतात. दुसरा जास्त महत्त्वाचा: एका फुकट्या नोडची सरासरी कमाई आणि एका इमानदार नोडची सरासरी कमाई, शेजारी शेजारी. फुकट्याची रेघ वर असेल तर पाथरेटरची चूक तुम्ही पुन्हा केली आहे.

शेवटी तीन फसवणुका मुद्दाम लिहून चालवा. पत घसरली की नाव बदलून नव्याने येणारा नोड. नव्याला सुरुवातीची पत मध्यम दिली असेल तर हा रोज नवा जन्म घेईल, शून्य दिली तर खरा नवखा उपाशी राहील, तो मधला आकडा शोधणं हाच अर्धा प्रोजेक्ट आहे. दुसरा, चांगल्या शेजाऱ्याची खोटी चुगली करणारा. तिसरा, खिडकीच्या मर्यादेच्या एक पॅकेट अलीकडे थांबणारा, म्हणजे २० मध्ये गळती मोजून पाचच्या वर न जाऊ देणारा. तिसऱ्याला पूर्ण रोखता येत नाही. त्याला दर खिडकीत किती फुकट मिळतं तो आकडा काढा आणि रिपोर्टात स्वच्छ लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न मी तोच विचारतो.